हिराच्या पिंजऱ्याची जाळी : कामाच्या नोंदी, ठाणे

१३ एप्रिल २०२५, रविवार

सकाळी साडेसहाला गॅलरीचं दार उघडलं आणि हिरा, माझा पाळलेला कॅमेलिअन (रंग बदलणारा सरडा), पिंजऱ्याच्या जाळीला एका नखावर लटकलेला दिसला. मागच्या उजव्या पायाचं नख मच्छरजाळीच्या भोकात शिरून आडवं फिरलं होतं. उरलेले तीन पाय धरायला काही शोधत हवेत हलत होते, अंग काळपट पडलं होतं. मी त्याच्या पोटाखाली हात देऊन वजन उचललं आणि आईने बाहेरून नेलकटरने जाळीची एकेक तार तोडली. सात-आठ मिनिटं लागली. नख वाचलं नाही. मुळाशी सैल होऊन रक्त आलं होतं, दुपारपर्यंत बोट सुजलं.

डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, पाच दिवसांचं औषध दिलं आणि म्हणाले, "बोट बरं होईल. पण जाळी हीच राहिली तर पुढच्या महिन्यात दुसरं नख घेऊन याल." म्हणून पिंजरा नव्याने करायला घेतला आहे. घरी असा पिंजरा करणाऱ्या कोणाचे तरी पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून जे जे होईल ते लिहून ठेवते आहे.

हिरा व्हेल्ड कॅमेलिअन आहे. दीड वर्षाचा नर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ इंच. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाची. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये येते, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी केली आहे. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतातला कॅमेलिअन, वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो घरात ठेवता येत नाही. घोयऱ्यासाठी पिंजरा करायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने तो इथेच सोडून द्यावा आणि घोयरा जिथे दिसला तिथेच राहू द्यावा.

१९ एप्रिल

माप ठरलं : २ फूट × २ फूट × ४ फूट उंच. चारही बाजूंना आणि छताला जाळी. ठाण्याच्या दमट हवेत बंद बाजूंचा पिंजरा मला नको आहे, फवारलेलं पाणी दुपारपर्यंत वाळायलाच हवं.

वागळे इस्टेटमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी तारेची) वेल्ड मेश घेतली. चार फुटी रोल, १० रनिंग फूट, म्हणजे ४० चौरस फूट. २२ रुपये चौरस फुटाने ८८० रुपये. चारही बाजूंचे तुकडे ८ फुटांत निघतात, उरलेल्या २ फुटांतून छत निघून २×२ चा एक तुकडा शिल्लक राहतो. हा हिशोब कोणालाही उपयोगी पडेल.

ही जाळी मी का निवडली? स्वस्त, मजबूत, आणि दुकानदार म्हणाला की गंजत नाही. याहून जास्त विचार केला नाही, ही चूक.

२७ एप्रिल

फॅब्रिकेटर दादांनी ॲल्युमिनियम सेक्शनची फ्रेम करून दिली. मजुरीसकट ३,६०० रुपये. जाळी आतून लावून वर पट्टी मारली आणि पॉप रिव्हेट केले. दिसायला सुंदर. आत जास्वंदीची कुंडी, मनीप्लांट, आडव्या-तिरप्या फांद्या.

हिराला लगेच आत सोडायचं नाही, आधी दोन आठवडे रिकामा पिंजरा नुसता फवारून बघायचा, असं ठरवलं. या सगळ्या कामात मी घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

१० मे

रोज सकाळ-संध्याकाळ प्रेशर पंपाने दोन-दोन मिनिटं फवारणी चालू आहे. आज जाळीच्या खालच्या भागात पांढुरके ठिपके दिसले. बोट फिरवलं तर पिठासारखं काहीतरी बोटाला लागलं. मला वाटलं पाण्यातला क्षार असेल. आई म्हणाली, "जुन्या पत्र्याच्या बादलीच्या कडीवर धरतं, तसलं आहे हे."

खात्री करायला पिंजऱ्याला टेकवून एक काचेचा तुकडा ठेवला आणि शेजारी जुन्या पिंजऱ्याच्या ॲल्युमिनियम जाळीचा तुकडा बांधला. तिघांवर तेच पाणी, तेवढाच वेळ. क्षार असेल तर काचेवरही दिसेल.

१३ मे

काच स्वच्छ. ॲल्युमिनियम स्वच्छ. जीआय जाळीवर पांढरं वाढलं आहे, सांध्यांवर जास्त. म्हणजे आईचं बरोबर. हा जस्ताचा पांढरा गंज.

आता हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. कॅमेलिअन भांड्यातलं साचलेलं पाणी सहसा पीत नाही. पानांवरचे, फांदीवरचे आणि जाळीवरचे थेंब चाटतो. हिरा जुन्या पिंजऱ्यात रोज सकाळी जाळीवरचे थेंब चाटताना मी पाहिला आहे. पक्षी पाळणाऱ्यांना जस्ताची विषबाधा चांगली ठाऊक असते, नवीन जीआय जाळी चोचीने कुरतडून पक्षी आजारी पडतात. हिरा तार कुरतडत नाही, पण त्या तारेवरून उतरलेलं पाणी रोज पिणार. ते मला चालणार नाही.

फॅब्रिकेटर दादांना फोन केला. "ताई, हीच जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात, काही होत नाही. ऑइल पेंटचा हात मारून टाका." उरलेल्या तुकड्यावर दोन्ही उपाय करून बघितले. एक भाग व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून टांगला, पक्षीवाले करतात तसा. दुसऱ्या भागाला ऑइल पेंट दिला.

१८ मे

व्हिनेगरने घासलेल्या भागावर पाच दिवसांत पांढरं परत आलं. पेंट नखाने खरवडला तर सालपटासारखा निघाला. जस्तावर ऑइल पेंट थेट धरत नाही, आधी त्यासाठीचा वेगळा प्रायमर लागतो, हे दादांनी नंतर मान्य केलं. प्रायमर आणि पेंट मारून, वास जाईपर्यंत महिनाभर थांबून, तरी कुठे पापुद्रा सुटला तर तो हिराच्या जिभेला चिकटणार. जीआय जाळी रद्द. रिव्हेट ड्रिलने उडवून सगळी काढली. ८८० रुपये आणि एक महिना गेला.

आज आणखी एक चूक केली, घाईपोटी. हिराचं बोट भरत आलं आहे आणि तो अजून त्याच जुन्या जाळीच्या पिंजऱ्यात आहे (आतून जुन्या सुती चादरीचे तुकडे बांधलेत). म्हणून तात्पुरती म्हणून खिडक्यांना लावतात ती फायबर जाळी आणली, ६०० रुपयांची, आणि नव्या फ्रेमला बसवली. हाताला मऊ लागते, नखाला त्रास होणार नाही असं वाटलं.

२३ मे

फायबर जाळी पाच दिवस टिकली. चाचणी म्हणून आत १५ रातकिडे सोडले होते. आज सकाळी खालच्या कोपऱ्यात चण्याएवढी दोन भोकं, कडा कुरतडलेल्या, आणि रातकिडे स्वयंपाकघरात. भोकाच्या कडेला धागे पिंजून उभे राहिले होते. भिंगातून पाहिलं तर वरचं प्लास्टिक गेलेलं आणि आतले काचेचे बारीक तंतू उघडे. मी बोटाने चाचपले, तर दिवसभर बोटाच्या टोकाला खुपत राहिलं. हेच तंतू हिराच्या जिभेला किंवा डोळ्याला लागले असते.

छतावर बल्बच्या खाली जाळी सैल होऊन खोलगट झाली होती, हेही लिहून ठेवते. फायबर जाळी रद्द.

२४ मे

आज ठरवलं की दुकानात जायच्या आधी पाय मोजायचा. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

कॅमेलिअनचा पाय चिमट्यासारखा असतो. पाच बोटं दोन जुड्यांत जोडलेली. पुढच्या पायाला आतल्या बाजूला तीन आणि बाहेर दोन, मागच्या पायाला उलट. हिरा माझ्या हातावर बसलेला असताना भाचीने वर्निअर त्याच्या पायाजवळ धरून तीन बोटांच्या जुडीची रुंदी घेतली. साधारण ७ मिलीमीटर.

मच्छरजाळीचं भोक सव्वा मिलीमीटरच्या आसपास. त्यात फक्त नखाचं टोक जातं, सगळं वजन त्या टोकावर येतं आणि अंग वळलं की नख पिळतं. पाव इंच, म्हणजे दोन सुताच्या जाळीत तारेची जाडी वजा जाता साडेपाच मिलीमीटरच्या आसपास जागा उरते. एखादं बोट शिरेल, जुडी शिरणार नाही. मला तर ती जास्तच धोक्याची वाटते. चार सुताच्या म्हणजे अर्ध्या इंची जाळीत ११ मिलीमीटरहून जास्त जागा मिळते. पूर्ण जुडी आत जाते आणि तो तारेला काटकीसारखा वेढा घालू शकतो. भोक अर्धा इंची हे पहिल्या जाळीत बरोबर होतं, धातू चुकला होता.

(पिल्लू असेल तर हे माप चालणार नाही. अर्ध्या इंचातून ते सरळ बाहेर येईल. ही नोंद मोठ्या जनावरासाठी आहे.)

मग दुपारी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीत गेले. स्टेनलेस ३०४ ची चार सुती जाळी पाहिली. उत्तम, पण चौरस फुटाला १४० रुपये, म्हणजे ५,६०० रुपये. तेवढे आता नाहीत. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर घ्यावी, फक्त कापलेली टोकं कानशीने घासून घ्यावी. पितळ आणि तांब्याची जाळी एका दुकानदाराने दाखवली. तांबंही ओलाव्यात हिरवं होतं, त्यामुळे बघितलीच नाही.

शेवटी पीव्हीसी चढवलेल्या वेल्ड मेशचे तीन दुकानांतून तीन नमुने घेतले, सगळे मिळून १२० रुपये. रोल घेण्याची घाई केली नाही.

२५ मे, रविवार

नमुन्यांची तपासणी. नावाला तिन्ही 'पीव्हीसी कोटेड'.

ब्लेडने तारेच्या लांबीच्या दिशेने चीर दिली. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्याचं आवरण नळीसारखं सोलून निघालं, म्हणजे खरंच प्लास्टिकचा थर आहे. तिसऱ्याचे कपचे उडाले. तो नुसता हिरवा रंग होता. तो बाद.

दोन्ही नमुने पक्कडीने पार दुमडले. आवरणाला तडा गेला नाही. गरम पाण्याच्या पेल्यात बुडवून वास घेतला. पहिल्याला उग्र, रेक्झिनच्या नव्या पिशवीसारखा. दुसऱ्याला अगदी पुसट.

मग दोन्ही तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवले. आवरण वेल्डिंगनंतर चढवतात, आणि तारा जिथे एकमेकींवर येतात तिथल्या खाचेत ते नीट पोचलं नसेल तर टाचणीएवढी जागा उघडी राहते. मिठाचं पाणी ती शोधून काढेल.

२६ मे

मुंबईत पाऊस पोचल्याचं आज हवामान खात्याने जाहीर केलं, उपलब्ध नोंदींत इतक्या लवकर पूर्वी कधी आला नव्हता. माझं सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरून केलं होतं. आता सिलिकॉन वाळायला वेळ लागेल, वास उडायला ऊन मिळणार नाही. गॅलरीतला ओलावामापक ८९ टक्के दाखवतो आहे.

६ जून

बारा दिवसांनी नमुने बाहेर काढले. पहिल्यावर नऊ सांध्यांना तांबूस कडा आली आहे. दुसऱ्यावर सांधे जसेच्या तसे, फक्त कापलेल्या टोकांना गंज. टोकाला गंज येणारच, तिथे तार उघडी आहे. म्हणजे जाळी दुसरी घ्यायची आणि टोकं आपण बंद करायची.

८ जून, रविवार

दुसऱ्या नमुन्याचा काळा रोल घेतला. ४६ रुपये चौरस फूट, १० रनिंग फुटांचे १,८४० रुपये. काळा मुद्दाम घेतला, काळ्या जाळीमागचं जनावर स्वच्छ दिसतं. हिरवी जाळी डोळ्यांपुढे येत राहते.

लोकलमधून रोल आणताना एका कडेला आवरण खरचटलं. तो भाग छताच्या फ्रेमखाली जाईल असा कापणार आहे. जमल्यास जुनी चादर घेऊन जा आणि रोल गुंडाळून आणा.

१५ जून

आजचा पूर्ण दिवस कडांचा. जाळी निवडण्याइतकंच हे काम मोठं आहे, आणि याबद्दल मला आधी कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

प्रत्येक तुकडा फ्रेमच्या खोबणीत चारही बाजूंनी किमान १० मिलीमीटर आत जाईल असा कापला. कात्री तारेच्या सांध्याला लागून चालवायची. मध्येच कापलं तर अर्ध्या इंचाचे काटे उभे राहतात. प्रत्येक टोक कानशीने घासलं आणि न्यूट्रल सिलिकॉनमध्ये बुडवून उलटं टांगून वाळवलं. सिलिकॉन घेताना नळीवर न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या. दुसऱ्या प्रकारच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातलं ॲसिड धातूला गंजवतं. दोन नळ्या, ३८० रुपये.

फॅब्रिकेटर दादा संध्याकाळी येऊन फ्रेम खोलून जाळी बसवून गेले, ५०० रुपये. त्यांनी दाराच्या बाजूला चार सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारले. ते गेल्यावर पाहिलं तर स्क्रूची टोकं आत पाव इंच बाहेर आलेली, नेमकी हिरा चढतो त्या उंचीवर. काढून तिथे रिव्हेट मारायला त्यांना परत बोलावलं. बिचारे पावसात आले, पैसे घेतले नाहीत.

मग कापसाची परीक्षा. औषधाच्या दुकानातला साधा कापूस घेऊन सगळ्या जाळीवरून, सांध्यांवरून, पट्ट्यांच्या कडांवरून हलक्या हाताने फिरवला. जिथे कापसाचा एक धागा जरी अडकला तिथे खडूने खूण केली. आपल्या बोटांना जे जाणवत नाही ते कापूस दाखवतो. २३ खुणा झाल्या. जास्तीत जास्त खुणा जाळीवर नव्हत्या, ॲल्युमिनियमच्या कापलेल्या कोपऱ्यांवर होत्या. सगळ्या कानशीने घासून पुन्हा कापूस फिरवला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.

२२ जून

छताचं काम. ऊब देणारा बल्ब आणि अतिनील किरणांची ट्यूब दोन्ही जाळीच्या बाहेर राहतात, कारण कॅमेलिअन छताला उलटा लटकून बल्बला पाठ लावतो आणि भाजून घेतो.

पहिला प्रयत्न : ६० वॅटचा बल्ब होल्डरसकट जाळीवर टेकवून ठेवला. अर्ध्या तासाने तापमापक गन लावली तर जाळी ७१ अंश. पीव्हीसी ८० च्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि त्याच्या आधी हिराचा पाय भाजेल. बल्ब ५ इंच वर उचलणारा स्टँड केला, तर जाळी ४३ वर आली. मग विचार केला की जूनमध्ये ठाण्यात घरातच ३१ अंश असताना ६० वॅट हवाच कशाला. २५ वॅटचा बल्ब लावला आणि तोही सकाळचा एक तास. थंडीत पुन्हा बघू.

अतिनील ट्यूबचा मुद्दा वेगळा. जाळी जितकी बारीक तितके किरण अडतात. जुन्या मच्छरजाळीच्या तारा मोजल्या : इंचात १८ × १६, तार ०.२८ मिलीमीटर. उघडी जागा सुमारे ६६ टक्के निघते. नव्या जाळीची तार आवरणासकट १.४ मिलीमीटर, उघडी जागा सुमारे ७९ टक्के. म्हणजे त्याच ट्यूबखाली आता जास्त किरण उतरतील. बसायची सर्वांत वरची फांदी ट्यूबपासून ८ इंचांवर होती, ती १० इंचांवर घेतली. जाळी बदलली की फांदीही बदलायची, हे सहज विसरलं जातं.

२९ जून, रविवार

आठवडाभर पंखा लावून ठेवला होता. वास गेल्याची खात्री आईच्या नाकाने केली, तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. सकाळी ११ ला हिराला आत सोडलं.

पहिला तासभर तो गडद रंगातच होता. मग जास्वंदीवरून जाळीकडे गेला, आणि मी श्वास रोखून बघत बसले. पुढचा उजवा पाय उचलून त्याने हवेतच दोनदा पुढे-मागे झुलवला, मग तीन बोटांची जुडी एका चौकोनातून आत घातली, दोन बोटांची शेजारच्या चौकोनातून, आणि मधली तार मुठीत धरली. नखं तारेच्या पलीकडे मोकळी होती. मग दुसरा पाय. वरपर्यंत चढला आणि उतरला, कुठेच ओढ बसली नाही. संध्याकाळी फवारणीनंतर त्याने जाळीवरचा थेंब चाटला, आणि या वेळी मला त्याची काळजी वाटली नाही. रात्री नऊला फिकट पोपटी होऊन झोपला.

६ जुलै, आषाढी

एक आठवड्यात जाळीच्या दोन अडचणी लक्षात आल्या.

रातकिडे अर्ध्या इंचातून आरामात बाहेर पडतात. हे माहीत होतं, त्यामुळे मोकळे सोडतच नाही. गुळगुळीत आतल्या बाजूचा प्लास्टिकचा डबा फांदीला बांधला आहे. रातकिड्यांना त्याच्या भिंती चढता येत नाहीत आणि हिरा वरून जीभ मारतो. तीन दिवसांत शिकला.

दुसरी अडचण पाल. परवा रात्री एक लहान पाल जाळीतून आत शिरून मनीप्लांटच्या कुंडीत बसलेली सापडली. हिराने खाल्ली तर तिच्या पोटातले जंत याच्या पोटात जातील. पिंजऱ्यावर बारीक जाळी पुन्हा लावणार नाही. ती गॅलरीच्या खिडकीला लावली, म्हणजे तिची जागा हिराच्या पायापासून दूर राहिली. काढलेली ॲल्युमिनियमची जाळी तिथेच वापरली.

लाल मुंग्याही यायला लागल्या होत्या. आजीच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असायचे. आईने तशाच चार वाट्या काढून दिल्या. मुंग्या थांबल्या. वाट्यांतलं पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात.

२० जुलै

खर्च लिहिते. डॉक्टर दोन खेपा औषधासकट १,४५०. जीआय जाळी ८८० आणि फायबर जाळी ६००, दोन्ही वाया. नमुने १२०, पीव्हीसी जाळी १,८४०, फ्रेम ३,६००, दुसऱ्यांदा बसवणं ५००, सिलिकॉन ३८०, तळाची शीट, बिजागऱ्या आणि कडी ६४०. एकूण १०,०१० रुपये. डॉक्टर आणि वाया गेलेल्या दोन जाळ्या, शिवाय पुन्हा बसवण्याची मजुरी धरली नाही, तर हाच पिंजरा ६,५८० मध्ये झाला असता, आणि ११ आठवड्यांऐवजी चार-पाच आठवड्यांत.

हिराचं बोट पूर्ण भरलं आहे. नख मुळातून गेलं होतं, ते परत आलेलं नाही, येईल असं डॉक्टरांनाही वाटत नाही. पण त्या पायाची पकड बाकी तीन पायांसारखीच आहे.

आज महिन्याची पहिली तपासणी केली. कापूस पुन्हा सगळीकडे फिरवला. एकच खूण : दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे दार घासतं, तिथे आवरण तांदळाच्या दाण्याएवढं उडून तांबूस डाग आला आहे. पॉलिश पेपरने घासून, वाळवून, सिलिकॉन लावलं आणि दाराची बिजागरी एक मिलीमीटर सरकवली. सिलिकॉन वाळेपर्यंत हिराला दोन दिवस गॅलरीतल्या जास्वंदीवर बसवते आहे, आई राखण करते.

काढलेल्या जीआय जाळीवर तिने कारल्याचा वेल चढवला आहे.